दसऱ्याचं शस्त्र आणि चार जहाजं

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

पहाटेच मोबाइल टिणटिणायला लागला. गावाकडे दुपार झालेली, पूजा उरकून सगळे फोटो टाकण्याच्या मागे. कारखान्याच्या ग्रुपवर बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो होते, चेअरमनसाहेब सपत्नीक, हातात नारळ. पुतण्याने त्याच्या मोटारसायकलचा फोटो पाठवला होता, हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकवाची बोटं. अंगठा टाकला आणि उठलो.

चौतीस वर्षं एका सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये काढली. दसरा आला की अजून हात शिवशिवतात. मुलीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला, दसरा म्हणजे डब्यातलं श्रीखंड आणि ओक ट्री रोडवरून आणलेला मूठभर झेंडू. आपट्याची पानं नाहीत. नातवाने हिरवा कागद कापून सोनं केलं आणि मला देऊन पाया पडला, तेवढ्यावर दसरा झाला.

सोमवारी कोलंबस डेची सुट्टी, म्हणजे सलग तीन दिवस मोकळे. जावईबापू म्हणाले, "बाबा, आज शस्त्रपूजा ना? चला, मोठ्यातलं मोठं शस्त्र दाखवतो." हिने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, उरलेली फुलं पिशवीत टाकली, आणि आम्ही पाचजण कॅम्डेनच्या वाटेला लागलो. सव्वा-दीड तासाचा रस्ता, त्यातला बहुतेक टर्नपाइकवरचा. सांगण्यासारखं काही नाही.

कॅम्डेन म्हणजे डेलावेर नदीचा अलीकडचा काठ, पलीकडे फिलाडेल्फिया. गावात शिरताना हिने एका जुन्या इमारतीच्या मनोऱ्याकडे बोट केलं. "अहो, तबकडीवरचा कुत्रा!" खरंच तो होता. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला, रंगीत काचेत. व्हिक्टर कंपनीचा कारखाना इथलाच. आमच्या सासऱ्यांकडच्या नाट्यगीतांच्या तबकड्यांवर हाच कुत्रा होता, आणि त्याचं एक घर कॅम्डेनला आहे हे मला सत्तरीत कळलं.

नदीकडे वळलो आणि रस्त्याच्या टोकाला राखाडी भिंत उभी राहिली. युएसएस न्यू जर्सी. लांबी ८८७ फूट. रुंदी १०८ फूट आणि थोडी वर, कारण पनामा कालव्याचे दरवाजे ११० फुटांचे होते आणि जहाज त्यातून जायलाच हवं होतं. आयोवा वर्गातल्या चार युद्धनौका बांधून पुऱ्या झाल्या, त्यातली ही दुसरी. चारही आज संग्रहालयं आहेत. ही बांधली समोरच्या फिलाडेल्फियाच्या नेव्ही यार्डात आणि पाण्यात उतरवली ७ डिसेंबर १९४२ला, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी. आपल्याकडे नारळ फोडतात तशी त्यांच्यात शॅम्पेनची बाटली. ती फोडली कॅरोलिन एडिसन यांनी, म्हणजे विजेच्या दिव्याच्या एडिसनच्या सुनेने. नवरा चार्ल्स तेव्हा न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, त्याआधी नौदल खात्याचा मंत्री. मुलगी राहते ते गावही त्याच सासऱ्याच्या नावाचं. ही म्हणाली, "म्हणजे आपल्याच गावची सून."

तिकिटाचे डॉलर मनातल्या मनात ८४ने गुणले आणि गप्प बसलो.

डेकवर पाय ठेवला आणि बुटाखाली लाकूड लागलं. सागवान. पोलादी जहाजाला लाकडी डेक कशाला, असं वाटलं, पण उन्हाने पत्रा तापतो, पाण्याने निसरडा होतो, साग दोन्ही सोसतो. फळ्यांच्या सांध्यांत डांबरासारखा काळा मसाला भरलेला. काही पट्टे नवे, फिकट. बाकी साग उन्हापावसाने पांढुरका पडलाय, आमच्या वाड्याच्या चौकटीसारखा.

मग तोफा. सोळा इंची नऊ, तीन-तीनचे तीन बुरूज. एकेक नळी सहासष्ट फुटांची. चिलखत फोडणारा गोळा २,७०० पौंडांचा, म्हणजे सव्वाबाराशे किलोच्या आसपास, उसाच्या बैलगाडीतला निम्मा माल धरा. त्याच्यामागे ११० पौंडांच्या दारूच्या सहा रेशमी पिशव्या. पल्ला अडतीस किलोमीटर. नातवाला समजेना, तेव्हा सांगितलं की रंकाळ्यावरून डागला तर थेट सांगलीच्या वेशीवर पडेल. रंकाळा आणि सांगली त्याने सुट्टीत पाहिलेली, त्यामुळे डोळे विस्फारले. मग विचारलं, "पण सांगलीवर कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपण बाहेरून बुरूज बघतो ते नुसतं टोपण. खाली विहिरीसारखे पाच-सहा मजले, गोळे ठेवायचे, दारू ठेवायची, वर चढवायची यंत्रं, आणि एका बुरुजात सत्तर-ऐंशी माणसं. दुसऱ्या बुरुजात आत जाता येतं. गुडघ्यांमुळे ही वरच थांबली. आत गोळा ढकलायचा दांडा, पिशव्यांचा पाळणा, भिंतीवर हुकूम ऐकायचे फोन. जागा इतकी अरुंद की जाडा माणूस भरतीलाच घेतला नसेल.

नेम कसा धरायचे? जहाज डोलतंय, समोरचं पळतंय, वारा आडवा, नळी झिजलेली, दारू कधी गार कधी गरम, आणि गोळा इतका वेळ हवेत की पृथ्वीचं फिरणंसुद्धा हिशेबात धरावं लागतं. हे सगळं जोडायला खाली चिलखताच्या आड एक खोली आहे आणि तिच्यात टेबलाएवढं यंत्र. चिप नाही, पडदा नाही. दातेरी चाकं, कॅम, दांडे आणि बाजूला फिरवायच्या मुठी. फोर्ड इन्स्ट्रुमेंट कंपनीचं, मोटारवाल्या फोर्डचा संबंध नाही. १९८०च्या दशकात नौका पुन्हा कामाला काढली, टॉमाहॉक क्षेपणास्त्रं बसवली, पण तोफांसाठी हेच यंत्र ठेवलं, कारण नव्याने फारसं काही साधत नव्हतं. आमच्याकडे टर्बाइनचा वेग आवरणारं, शंभर टक्के चालणारं जुनं गव्हर्नर काढून नवीन पॅनेल बसवायचे आणि सहा महिने बोंबलत फिरायचे, ते आठवलं.

पाट्यांवर पराक्रम पुष्कळ लिहिलाय. १९४३ ते १९९१ या काळात दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, लेबनॉन. व्हिएतनामच्या एका फेरीत सोळा इंची ५,६८८ गोळे डागले. १९८४च्या फेब्रुवारीत एकाच दिवसात लेबनॉनच्या डोंगरांवर तीनशेच्या घरात, आणि ते नेमके कुठे पडले यावर पुढे बरीच टीका झाली. उलट या जहाजावर एवढ्या सगळ्या वर्षांत शत्रूच्या माऱ्यात दगावलेला खलाशी एकच, कोरियात, १९५१ साली. या दोन आकड्यांच्या मध्ये जे गेलं त्याची पाटी कुठे दिसली नाही.

माझा जीव मात्र खाली अडकला होता. कधी एकदा बॉयलर बघतो असं झालेलं. शिड्या उतरत "ब्रॉडवे" नावाच्या लांबलचक बोळात आलो. या बोळाखाली एक बॉयलरची खोली, एक इंजिनाची, पुन्हा बॉयलरची, अशा एकाआड एक आठ खोल्या. एका ठिकाणी मार बसला तर सगळंच बंद पडू नये म्हणून. बॉयलर आठ, बॅबकॉक अँड विल्कॉक्सचे. नाव वाचलं आणि परक्या मुलखात गाववाला भेटल्यासारखं झालं. वाफेचं प्रेशर चौरस इंचाला ६०० पौंड, म्हणजे आपल्या भाषेत चौरस सेंटिमीटरला बेचाळीस किलो. वाफ साडेचारशे अंशांच्या पुढेमागे. ताकद दोन लाख बारा हजार अश्वशक्ती, आमच्याकडच्या सहा-सात मोठ्या कोजन, म्हणजे साखरेबरोबर वीजही करणाऱ्या, कारखान्यांची बेरीज. आमचाही शेवटचा बॉयलर पंचेचाळीस किलोचाच होता, पण तो शेतात बसायचा. हा तेहतीस नॉटने समुद्रात पळायचा.

तिथे एक स्वयंसेवक उभा होता. पासष्टीचा, टोपीवर जहाजाचं नाव. १९८०च्या दशकात याच बॉयलरवर काम केलेला. मी सांगितलं, मीही बॉयलरवालाच, साखर कारखान्यातला. माझं इंग्रजी कारखान्याच्या लॉगबुकातलं, पण त्याला पुरलं. त्याने बाकीच्या मंडळींना पुढे जाऊ दिलं आणि मला समोरच्या गेज ग्लासपाशी नेलं.

गेज ग्लास म्हणजे बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे हे दाखवणारी उभी काच. बॉयलरवर दुसरं काही दिसलं नाही तरी चालतं, ही दिसलीच पाहिजे. पाणी खाली गेलं तर नळ्या जळतात, वर गेलं तर वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जातं. त्याने बोटाने काचेच्या मधोमध रेघ मारली. "पाणी इथे. नजर इथे. चार तास." मी म्हटलं, "आमच्याकडे आठ." तो हसला. काचेच्या खालच्या नटाला पितळेची झाक होती, हजार वेळा पुसून येते तशी. त्यावर मी नकळत अंगठा फिरवला. त्याने पाहिलं, पण हटकलं नाही.

मग त्याने विचारलं, साखर कारखान्यात बॉयलरला सगळ्यात भीती कशाची? मी म्हटलं, साखरेची. रस आटवताना जी वाफ निघते तिचं पाणी आम्ही बॉयलरला देतो. त्यात चुकून रस आला की संपलं, आत साखर जळते. म्हणून तासातासाला नमुना घ्यायचा, अल्फा नॅप्थॉल टाकायचं, जांभळी कडी दिसली की ते पाणी सोडून द्यायचं आणि शिव्या खायच्या. तो ऐकतच राहिला. "आम्हाला मिठाची," तो म्हणाला. समुद्राचं पाणी उकळून जहाजावरच गोडं पाणी करायचे, आणि वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरची एखादी नळी गळली की खारं आत शिरायचं. तेही सारखे नमुने घेत बसायचे. म्हणजे माझं आयुष्य साखर शोधण्यात गेलं आणि त्याची चार वर्षं मीठ शोधण्यात.

हे बॉयलर पुन्हा पेटणार नाहीत. १९९१ला थंड झाले ते झाले. जहाज मात्र पाण्यावर आहे, आणि पाणी लोखंडाला सोडत नाही. म्हणून याच वर्षी मार्चमध्ये टग लावून नौका पलीकडे नेव्ही यार्डाच्या सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडं करायच्या जागेत, नेली, जिथे ती बांधली गेली त्याच यार्डात. तीस वर्षांहून जास्त काळाने तळ बघितला, घासला, रंगवला, गंज आधी स्वतःवर घेणारे धातूचे ठोकळे बदलले, पाणी आत घेण्याची जुनी भोकं बुजवली. जूनमध्ये परत आणली. खर्च सुमारे एक कोटी डॉलर. हा माणूस त्या दिवशी काठावर उभा होता. "तळाला हात लावला," तो म्हणाला. "चार वर्षं आत राहिलो, खालून कधी बघितलीच नव्हती."

तेवढ्यात ही मुलीचा हात धरून कशीबशी खाली आली. पिशवीतून झेंडूचं एक फूल काढलं आणि बॉयलरच्या पायाशी ठेवून हात जोडले. मुलगी ओशाळली, संग्रहालयात असं चालतं का! त्या गृहस्थाला मी सांगितलं, आज आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. त्याने फुलाकडे बघितलं. "आज राहू दे," म्हणाला. "उद्या झाडणारा मीच आहे."

संध्याकाळी हॉटेलात धपाटे खाल्ले. गुडघ्यांना दोघांनीही बाम चोळला.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी फिलाडेल्फिया. लिबर्टी बेल पाहिली, तडा पाहिला, फोटो काढला. रांग मोठी, घंटा छोटी.

मग पेन्स लँडिंगच्या धक्क्याला ऑलिंपिया ही जुनी युद्धनौका. ही न्यू जर्सीच्या आजीच्या वयाची, १८९२ला पाण्यात उतरलेली. १ मे १८९८ला स्पेनशी झालेल्या मनिला बेच्या लढाईत अमेरिकन ताफ्याचा प्रमुख कमोडोर ड्यूई याच जहाजावर होता. कालच्या राक्षसापुढे ही ठेंगणी, आत लाकडी कपाटं, पितळी दिवे. अधिकाऱ्यांच्या बाजूला संस्थानिकाच्या वाड्यासारखा थाट आणि खलाशांच्या बाजूला झोपायला टांगलेल्या झोळ्या. पहिल्या महायुद्धातल्या अनामिक अमेरिकन सैनिकाचं शव फ्रान्सहून मायदेशी आणलं ते हिनेच, १९२१ साली. डेकवर ती जागा दाखवतात. तिथे सगळेच जरा हळू बोलत होते.

इंजिन बघून मात्र मी थबकलो. ट्रिपल एक्स्पान्शनचं उभं वाफेचं इंजिन, दोन मजली. वाफ आधी लहान सिलिंडरात, तिथून सुटलेली मधल्यात, तिथून मोठ्यात. एकच वाफ तीनदा राबवायची. साखर कारखान्यात रस आटवताना आम्ही क्वाडवर, म्हणजे ओळीने जोडलेल्या चार भांड्यांत, तीच वाफ चारदा वापरतो. तेव्हा या काटकसरीत आम्ही एका पायरीने पुढे, असं नातवाला सांगितलं. त्याला पटलं नाही, कारण आमची वाफ तोफ ओढत नाही. त्या काळी खाली कोळसा होता. फिलिपाइन्सच्या मे महिन्यात, बंद खोलीत, फावड्याने. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, भट्टीपुढे मी पुष्कळ उभा राहिलोय, पण त्या जागेला निदान चारी बाजूंनी भिंती नव्हत्या.

ऑलिंपिया १९४५पासून सुक्या गोदीत गेलेली नाही. एकोणऐंशी वर्षं. ठिकठिकाणी ठिगळं लावून, पाण्याच्या रेषेवर पत्रे जोडून तग धरलाय. खालच्या एका कोपऱ्यात पंप आणि नळ्या दिसल्या. देशातलं सगळ्यात जुनं, अजून तरंगणारं पोलादी लढाऊ जहाज, आणि काळजी तीच, पाणी कुठून येतंय. शेजारी बेकुना नावाची पाणबुडी आहे. त्या गोल भोकातून जायला हिने स्पष्ट नकार दिला. जावईबापू आणि नातू जाऊन आले आणि डोकं आपटून आले.

सोमवार, १४ ऑक्टोबर

परत निघायचं, पण आधी दोन ठिकाणं. जावईबापूंनी आधी एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. मी म्हटलं, इथे काय बघायचं? रस्त्यापलीकडे दोन लाल धुराडी उभी होती, रंग पापुद्र्यांनी सुटलेला. एसएस युनायटेड स्टेट्स, ९९० फुटांचं प्रवासी जहाज. १९५२ला अटलांटिक सगळ्यात कमी वेळात ओलांडायचा विक्रम याने केला. १९९६पासून याच धक्क्याला बांधून ठेवलेलं होतं. भाड्यावरून धक्क्याच्या मालकाशी कोर्टकचेरी झाली, मग फ्लोरिडातल्या एका काउंटीने, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याने, ते विकत घ्यायचं ठरवलं. समुद्रात बुडवून माशांना घर आणि पाण्याखाली बुड्या मारणाऱ्या हौशी लोकांना सहल, असा बेत होता. ही म्हणाली, "बुडवायला विकत घेतलं?" हो.

तिथून नेव्ही यार्ड. आता तिथे कंपन्यांच्या कचेऱ्या, हिरवळ, सायकली. पण नदीच्या कडेला गेलो तेव्हा दूर एका धक्क्याला विमानवाहू नौका दिसली. जॉन एफ. केनेडी. डेक रिकामा, बाजूंनी गंजाचे ओघळ. तिला संग्रहालय करायचे प्रयत्न झाले, जमलं नाही. २०२१ला भंगारवाल्याला विकली. किंमत एक सेंट. ओढून टेक्सासला न्यायची आणि तोडायची, त्या खर्चापुढे लोखंडाची किंमत ती काय, म्हणून हा हिशेब.

मी आणि ही कठड्याला टेकून उभे राहिलो. दोघांच्याही मनात एकच होतं, बोललं कुणी नाही. मुलगी शाळेत असताना नौदल सप्ताहात मुंबईला विक्रांतवर गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं, रांग संपता संपत नव्हती, आणि मुलीला फक्त विमान खाली न्यायची लिफ्ट आवडली होती. एकाहत्तरच्या युद्धात चितगाव, कॉक्स बाजारवर विमानं पाठवणारी ती नौका १९९७ला निवृत्त झाली, पुढे संग्रहालय म्हणून राहिली, आणि २०१२ला धोकादायक म्हणून लोकांना बंद. कोर्टात याचिका झाल्या, टिकल्या नाहीत. साठ कोटींच्या आसपास विकली गेली आणि २०१४च्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात, तिला गॅसकटर लागला. वाचवता आली असती का, मला ठाऊक नाही. बॉयलरवाला म्हणून एवढंच कळतं की वर्षाचं मेंटेनन्स एकदा चुकवलं की दुसऱ्या वर्षी दुप्पट लागतं, तिसऱ्या वर्षी कुणी विचारत नाही. आमच्या जुन्या कारखान्याचंही तसंच झालं, पण ते पुन्हा कधीतरी.

नातू कठड्यावर हनुवटी ठेवून बघत होता.

"आजोबा, हे तोडल्यावर त्याचं काय करणार?"

"लोखंड वितळवणार. काहीतरी दुसरं होईल."

"काय?"

मी मोबाइल काढला. शनिवारचा पुतण्याचा फोटो शोधला, दोन बोटांनी मोठा केला. बजाज व्ही, २०१६ला घेतलेली. तिच्या टाकीत विक्रांतचं लोखंड आहे, कंपनीने तेच सांगून विकली आणि पुतण्याने तेच ऐकून घेतली. हळदकुंकवाची पाचही बोटं बरोबर टाकीवर होती.

"ही जहाजाची गाडी आहे," मी म्हटलं.

त्याने फोन हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"किती पळते?"

"काकाला विचारू. पण आत्ता नको, तिकडे रात्र झालीय."